बदलत्या वॉलपेपरने पीसी स्लो होतो म्हणे!

‘आपोआप बदलणारे वॉलपेपर लावू नका. सगळे फोटो रॅममध्ये बसतात, पीसी स्लो होतो, एसएसडी झिजते, लॅपटॉपची बॅटरी उतरते.’ नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज सध्या फिरतोय.

‘सगळे फोटो रॅममध्ये’? फोल्डरात नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांचे ५०० फोटो असले, तरी स्क्रीनवर एका वेळी एकच असतो. १९२० × १०८० च्या चित्राला पिक्सेलमागे ४ बाइट धरले, तर जेमतेम ८ एमबी.

‘स्लो होतो’ हे मात्र अगदीच खोटं नाही. कॅमेऱ्यातला ६००० × ४००० चा फोटो डिस्कवर ८-१० एमबीचा दिसतो, पण उघडला की त्याच हिशेबाने ९६ एमबी होतो. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क असेल, तर फोटो बदलताना पीसी क्षणभर अडखळतो. म्हणून मूळ फोटो तसेच ठेवून त्यांच्या प्रती काढा, त्या १६:९ मध्ये क्रॉप करा आणि मग १९२० × १०८० वर आणा. क्रॉप आपल्या हातानेच करा. विंडोजच्या ‘फिल’वर (चित्राने पूर्ण स्क्रीन भरण्याचा पर्याय) सोडलं, तर या फोटोच्या वरून-खालून मिळून ६२५ ओळी कापल्या जातात, त्र्यंबकेश्वरच्या देवळाचा कळस उडतो तो असा! फोनवरचा उभा फोटो अर्ध्याहून जास्त जातो, तो या फोल्डरात नकोच.

एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी येणारी चिपवाली डिस्क, झिजते? प्रत्येक बदलाला विंडोज चित्राची एक प्रत लिहून ठेवतं. अर्ध्या तासाला एक बदल, ८ तासांत १६. प्रत २ एमबीची धरली तरी दिवसाला ३२ एमबी. एसएसडीवर एकूण किती लिहिता येतं, ते टेराबाइटांत (१ टेराबाइट म्हणजे १० लाख एमबी) मोजतात. सोडून द्या.

बॅटरीचं म्हणाल, तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, पर्सनलाइझ, बॅकग्राउंड, स्लाइडशो असं गेलं की फोल्डर आणि वेळेच्या (१ मिनिट ते १ दिवस) जोडीला बॅटरीवर स्लाइडशो चालू ठेवायचा की नाही, याचं बटण आहे. ते बंद असेल तर चार्जर काढला की फोटो बदलायचे थांबतात. ‘माझे फोटो बदलतच नाहीत’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं, नाहीतर फोल्डर पेनड्राइव्हवर असतो आणि पेनड्राइव्ह खिशात!

ही बदनामी आली कुठून? विंडोज एक्सपीत ही सोय नव्हती. ती २००९ च्या विंडोज ७ पासून आली. तोवर लोक वेगळे प्रोग्राम टाकायचे, आणि ते स्टार्टअपला चिकटून बसायचे. व्हिडिओवाले लाइव्ह वॉलपेपर आजही ग्राफिक्सला सतत राबवतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत असलं काही दिसलं, तर ते आधी डिसेबल करा.