‘इतकी वर्षं असेच रॅक लावतोय, एकही पडला नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सर्व्हर रॅक (सर्व्हर आणि नेटवर्कचं सामान बसवायचं लोखंडी कपाट) बसवताना घ्यायच्या काळजीवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, हे तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, बरं झालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सामानासोबत येणाऱ्या पुस्तिकेतलं सुरक्षेचं पान वकील लिहितात, ते परदेशातल्या कोर्टकचेऱ्यांसाठी असतं. आपल्याकडे रॅक चाकांवरच उभा असतो, एकटा माणूस सर्व्हर चढवतो, अर्थिंग कोणी मोजत बसत नाही, आणि तरी सगळं बिनबोभाट चालतं. मग नव्या पोरांना कशाला घाबरवायचं? शिवाय भिंतीवरच्या छोट्या रॅकबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, ही तक्रार वेगळी. ती शेवटी घेतो.

एकही रॅक पडला नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. भरलेला, दारं लावलेला रॅक पडायचं काही कारणच नसतं. तो पडतो तो कोणीतरी त्याच्यात हात घालून बसलेला असताना. त्यामुळे ‘इतकी वर्षं’ हा हिशेब इथे लागू होत नाही. त्या वर्षांतले रॅक उघडून काम चालू असलेले तास तेवढे धरायचे, आणि ते फार थोडे असतात.

एक साधं गणित करू. ४२ यूचा (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप), सुमारे दोन मीटर उंच रॅक. रिकाम्याचं वजन १०० किलो धरा, खोली एक मीटर. पुढची चाकं दर्शनी कडेपासून दहा सेंटिमीटर आत असतात, म्हणजे रॅकचं वजन त्या चाकांच्या मागे ४० सेंटिमीटरवर पडतं. १०० गुणिले ०.४ म्हणजे ४०, ही रॅकला मागे धरून ठेवणारी ताकद. आता ३५ किलोचा स्टोरेज बॉक्स (डिस्कांनी भरलेला डबा) रेलवर, म्हणजे ड्रॉवरसारख्या सरकत्या पट्ट्यांवर, पूर्ण बाहेर ओढा. त्याचं वजन चाकांच्या पुढे साधारण अर्ध्या मीटरवर येतं, म्हणजे साडेसतरा. एकाला काही होत नाही. दोन ओढले की ३५. अजूनही रॅक उभा. आणि तेवढ्यात वरच्या बॉक्सच्या मागची केबल दिसत नाही म्हणून कोणी त्यावर कोपर टेकलं, दहा किलोचा भार साठ सेंटिमीटरवर आला, की ४१. गेला. हे पाहिलं की पुस्तिकेतले तीन नियम आपोआप पटतात: पुढचे आधाराचे पाय आधी बाहेर काढा, जड सामान तळाशी आणि तळापासूनच भरत या, आणि एका वेळी एकच बॉक्स बाहेर ओढा. यात वकिलाला करण्यासारखं काही नाही. शाळेतला तरफेचा धडा आहे.

चाकांबद्दल एवढंच, की ती रॅक जागेवर नेण्यापुरती असतात. जागेवर आला की चारही कोपऱ्यांतले स्क्रूचे पाय खाली उतरवून भार त्यांच्यावर घ्यायचा. चाकांचा ब्रेक लावला म्हणजे काम झालं, असं नाही.

एकट्याने सर्व्हर चढवण्याबद्दल. आयबीएमच्या पुस्तिकांत १८ किलोपासून दोन माणसं, ३२ पासून तीन आणि ५५ पासून चार, असे टप्पे चित्रांसकट दिलेले असतात. तुम्ही म्हणता, हे नाजूक लोकांसाठी आहे. पण २५ किलो उचलता येणं वेगळं, आणि ते छातीच्या उंचीवर आडवं धरून दोन्ही बाजूंच्या रेलमध्ये एकदम घुसवणं वेगळं. बहुतेक वेळा डावी बाजू बसते, उजवी बसल्यासारखी दिसते. दोन्हीकडचा ‘टक्’ आवाज कानाने ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही, आणि रेलची खिट्टी दाबून आत ढकलताना बोटं रेलच्या बाजूला ठेवायची नाहीत. तिथे कातडं अडकतं तेव्हा सर्व्हर सोडूनही देता येत नाही. एकट्याने हे सगळं करताना कान, डोळे आणि बोटं यांपैकी एक काहीतरी कमी पडतंच.

इथे तुमच्या एका वाक्याशी मात्र मी सहमत आहे: कंपनी माणूस एकच पाठवते, मग दोघांचा नियम कोणाला सांगता? बरोबर आहे, हा नियम पोराला सांगून उपयोग नाही, ऑर्डर काढणाऱ्याला सांगायला हवा. परचेस ऑर्डरमध्ये ‘इन्स्टॉलेशनसाठी दोन माणसं’ ही ओळ टाकून घ्या, पुढचा वाद टळतो. आणि तरीही एकटेच अडकलात, तर आधी डिस्क आणि पॉवर सप्लाय काढून वजन उतरवा. साडेतीन इंची बारा डिस्क म्हणजेच सात-आठ किलो होतात. काढताना प्रत्येक डिस्कवर मास्किंग टेप लावून नंबर लिहा, जिची जागा तिलाच. वॉचमनला हात लावायला बोलावलंत, तर कुठे धरायचं हे त्याला आधी दाखवा. बेझलला (पुढच्या दर्शनी झाकणाला) किंवा पॉवर सप्लायच्या कडीला धरून सर्व्हर उचलायचा नसतो.

आता अर्थिंग. तुमच्या प्रतिक्रियेतली हीच ओळ मला सर्वांत जास्त खटकली.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट सतत अर्थकडे सोडत असतात. अर्थ तुटलेला असला की त्या करंटला वाट मिळत नाही आणि बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट, म्हणजे मेन्सच्या निम्मे, दिसू लागतात. घरच्या एका मशीनचा त्याने फक्त चटका बसतो. रॅकमध्ये सहा सर्व्हर, प्रत्येकाला दोन सप्लाय, आणि प्रत्येकाची गळती नुसती एक मिलिअँपिअर धरली तरी १२ होतात. तुटलेल्या अर्थमुळे ही सगळी बेरीज रॅकच्या पत्र्यावर येते. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे आखडलेला हात सोडवता येईनासा होतो. बाकी दिवस त्या रॅकला कोणी हात लावत नाही. लावता तुम्ही, तेही घामाने भिजलेल्या दोन्ही हातांनी.

मोजायला मल्टिमीटर आणि दोन मिनिटं लागतात. सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे किंवा भलतंच काही दाखवत असेल तर काम थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. रॅकच्या सांगाड्याला वेगळी हिरवी-पिवळी वायर हवीच, आणि ती रंगावर नाही, पत्रा खरवडून किंवा दातेरी वॉशर घालून आवळायची. सगळ्यांत आधी ती जोडायची, सगळ्यांत शेवटी सोडायची. दारांच्या अर्थिंगच्या वायरीही बघा. रॅक जिन्यावरून चढवताना दारं काढतात आणि परत लावताना ती छोटी वायर लोंबकळत राहते. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता दार उघडलं की नजर आधी तिथेच जाते.

तशीच गत ‘मेन बंद केलाय’ या भरवशाची. यूपीएस असताना मेन बंद केला तरी आउटपुट चालूच असतो, आणि दोन सप्लायच्या सर्व्हरची एकच कॉर्ड काढली तर तो जिवंतच असतो. दोन्ही कॉर्ड हातात आल्या, की मगच झाकण उघडायचं.

लोड आणि उष्णतेचं फार लांबवत नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटवर कायमचा लोड १२-१३ अँपिअरपर्यंतच ठेवा, एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडू नका, आणि दोन सप्लाय एकाच बोर्डावर लावून ‘रिडंडन्सी आहे’ (एक गेला तरी दुसरा चालेल) म्हणू नका. रिकाम्या यूंवर ब्लँकिंग पट्ट्या (मोकळी जागा झाकणाऱ्या) लावा, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढे येते. आणि कृपा करून रॅक एसीच्या इनडोअर युनिटच्या बरोबर खाली उभा करू नका. ते गळतंच.

राहिला भिंतीवरचा ९ यूचा रॅक. ही तुमची तक्रार रास्त आहे, कारण लहान ऑफिसांत हाच जास्त असतो. तिथे रॅकइतकीच भिंत बघावी लागते. हल्लीच्या इमारतींत आतल्या भिंती सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यात ड्रिल लोण्यासारखं शिरतं आणि साधा प्लास्टिकचा गट्टू घातला की पहिल्या दिवशी घट्टही वाटतो. मग कोणीतरी केबल ओढतं, उघडा रॅक झुलतो आणि भोक मोठं होत जातं. अशा भिंतीला त्याच ब्लॉकसाठी बनवलेले अँकर वापरा, नाहीतर आरपार बोल्ट घालून पलीकडच्या बाजूला पट्टी द्या. शेजारच्या खोलीत पट्टी दिसते म्हणून मालक कुरकुर करतील, करू द्या. जिप्समच्या पार्टिशनवर तर रॅक लावूच नका, आरसीसी कॉलम शोधा किंवा जमिनीवरचा छोटा रॅक घ्या. आणि त्या ९ यूमध्ये स्विच, पॅच पॅनेल (केबली जोडायची पट्टी), एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) एवढंच राहू द्या. बॅटऱ्यांसकट यूपीएस जमिनीवर.