गाडी शेडमध्ये, वॉरंटी मात्र चालूच

"तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते." नव्या गाडीच्या पुस्तिकेतलं हे वाक्य ज्यानं कुणी लिहिलं, त्याच्या डोळ्यांसमोर फौजी माणूस नक्कीच नव्हता. रोज गाडीनं ऑफिस गाठणाऱ्याला ते ठीक आहे. पण ज्याला सरकार हुकूम काढून वर्षभर दक्षिण सुदानला नाहीतर काँगोला शांतिसेनेत धाडतं, त्याचे किलोमीटर कधी आधी होणार? त्याच्या बाबतीत कायम तारीखच आधी संपणार.

आमचा दादा फौजेत आहे. गाडी लष्कराच्या कँटीनमधून, म्हणजे सीएसडीतून (कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट) घेतली. जीएसटीत निम्मी सवलत मिळते, हे खरं. पण २०१९ मध्ये नियम आवळले, तेव्हा जवान आणि जेसीओंना (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) नोकरीत एक आणि निवृत्तीच्या वेळी एक, एवढ्याच गाड्या ठेवल्या. त्यामुळे माणूस दहा ठिकाणी विचारून, घरात सगळ्यांशी बोलून मगच नाव घालतो. दादानंही तेच केलं. गाडी आली, पूजा झाली, आणि थोड्याच दिवसांत त्याची फील्ड पोस्टिंग आली. त्यानंतर यूएन मिशन. वहिनी गाडी चालवत नाहीत. मी आपला रविवारी सुरू करून चौकापर्यंत फिरवून आणायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. सर्व्हिसिंगही वेळच्या वेळी करून घेतलं, कारण एखादी सर्व्हिस चुकली तर वॉरंटी नाकारायला तेवढंच निमित्त पुरतं.

दादा परत आला आणि पहिल्यांदाच गाडी घाटात घातली. स्टिअरिंग जड झालं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. वर्कशॉपमधला मुलगा मोठ्या अदबीनं म्हणाला, "सर, वॉरंटी गेल्या महिन्यात संपली. सिस्टीम घेत नाही." मी मीटर दाखवलं, दहा हजारसुद्धा झाले नव्हते. "मग एक्स्टेंडेड घ्यायला हवी होती ना सर." म्हणजे जो काळ सरकारी हुकमानं वापरता आला नाही, तोच काळ पुन्हा पैसे मोजून विकत घ्यायचा!

कंपन्यांच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे, तो मान्य करतो. उभी गाडी ताजी राहत नाही. रबर कडक होतं, बॅटरी मरते, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात. त्यांचं ओझं कंपनीनं का घ्यावं? नकोच घ्यायला. उंदरांचं नुकसान तसंही वॉरंटीत बसत नाही, आणि टायर-बॅटरीची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची वेगळी असते. पण स्टिअरिंगची मोटर, गिअरबॉक्स, एसीचा कॉम्प्रेसर यांचं काय? वॉरंटी असते ती बनावटीतल्या दोषासाठी. असा दोष गाडी पळाल्यावरच बाहेर येतो, झाकून ठेवलेल्या गाडीत तो गपगुमान बसून राहतो. मग माझं म्हणणं इतकंच, की परदेशी ड्यूटीचा मूव्हमेंट ऑर्डर दाखवला तर तेवढा काळ मुदतीतून वगळा. किलोमीटरची मर्यादा आहे तशीच ठेवा. कोणी गैरफायदा घेतला तर मीटर सांगेलच की.

हे काही जगावेगळं मागणं नाही. इंग्रजांच्या काळातला १९२५ चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट आजही आहे. सैनिक युद्धपरिस्थितीत किंवा परदेशात सेवेवर असेल, तर त्याच्या माघारी दावा रेटला जाऊ नये याची त्यात सोय आहे, आणि तो काळ दाव्याच्या मुदतीतून वगळायचीही. शंभर वर्षांपूर्वी हे कोर्टाला जमलं, आज संगणकाला जमत नाही! अगदी अलीकडचं बघायचं तर २०२१ मध्ये बीएच सिरीजचे नंबर आले. बदलीवर फिरणाऱ्या माणसाला राज्याराज्यात नव्यानं टॅक्स-नोंदणीचा ताप नको, म्हणून. म्हणजे मनात आणलं की होतं.

अमेरिकेत तरी बरं असेल असं वाटलं होतं. तिथला सैनिक जर्मनीत बदलून गेला की त्याची एक खासगी गाडी सरकार स्वतःच्या खर्चानं जहाजातून पोचवतं. २००३ च्या त्यांच्या कायद्यानुसार १८० दिवस किंवा त्याहून जास्त काळासाठी तैनाती आली, की लीजवर घेतलेली गाडी दंडाशिवाय परत करता येते. पण वॉरंटीवर तो कायदा गप्प. अनेक पुस्तिकांत हद्द लिहिलेली असते ती अमेरिका आणि कॅनडा एवढीच. गाडी सरकारनं समुद्रापार नेली, वॉरंटी बंदरातच राहिली. इतका सैनिकांचा कैवार घेणाऱ्या देशातही हे भोक बुजलेलं नाही.

आपल्याकडे मात्र ते बुजवायला नवा कायदाही नको. सीएसडी हा लहानसहान गिऱ्हाईक नाही, कंपन्या त्याच्या यादीत यायला धडपडतात. त्याचं मुख्यालय मुंबईत, महर्षी कर्वे रोडवर आहे. किमतीसाठी घासाघीस होतेच, तिथंच ही एक अट घाला. मोठमोठ्या भाषणांत 'आमचे वीर जवान' म्हणणाऱ्या खासदारांनी एक पत्र लिहिलं तरी पुष्कळ.

तोवर ज्यांच्या घरात कुणी मिशनवर निघालंय त्यांनी मूव्हमेंट ऑर्डरची प्रत घरी ठेवा, निघण्याआधी कंपनीला ईमेल करून मुदतीबद्दल लेखी विचारा, आणि वर्कशॉपचा नकार तोंडी घेऊ नका, जॉब कार्डवर लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची.

आम्ही कंपनीला अर्ज दिलाय, पावत्या आणि ऑर्डर जोडून. लेबनॉन, काँगो, सुदान करून आलेल्या कुणाला मुदत वाढवून मिळाली असेल तर खाली लिहा, कोणत्या कागदावर मिळाली तेही सांगा. दादाच्या अर्जाला तो दाखला जोडता येईल.