डाव हरलात? 'बॅड बीट' म्हणा आणि मोकळे व्हा

पोकरमध्ये हरण्याचे दोनच प्रकार असतात. समोरचा हरतो, तेव्हा तो गाढवासारखा खेळलेला असतो. तुम्ही हरता, तेव्हा तुमचा बॅड बीट झालेला असतो: पुढे तुम्हीच होतात, फक्त नशीब फिरलं. एवढं घोटून पाठ केलंत की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे पुढचे तीन आठवडे भेटेल त्याला तो डाव पहिल्या पत्त्यापासून ऐकवणं.

"माझ्याकडे एक्का-राजा होते!" ही सुरुवात कधीच फुकट जात नाही. समोर राण्यांची जोडी होती, फ्लॉपआधीच (म्हणजे टेबलावर सगळ्यांचे सामाईक पहिले तीन पत्ते उघडण्याआधी) दोघं ऑल-इन गेला होतात, सगळ्या चिप्स मध्ये लोटल्या होत्यात, आणि शंभरात ४३ ते ४६ वेळाच जिंकणारे, म्हणजे मुळात मागे असलेले, तुम्हीच होतात, हा तपशील गाळावा.

तुमच्या सेटवर (हातातली जोडी आणि टेबलावर तिसरा तसाच पत्ता) समोरच्याचा मोठा सेट निघाला? जाणकार त्याला कूलर म्हणतात. तुम्ही बॅड बीटच म्हणा.

समोरच्याने काय धरून कॉल केला, म्हणजे तुमच्याइतकेच पैसे लावले, यावर मात्र मनसोक्त तोंडसुख घ्या. "असल्या पत्त्यांवर कोणी खेळतं का?" हे हरणाऱ्याने विचारायचं असतं, आणि चिप्स गोळा करणाऱ्याने मान खाली घालायची असते.

आता एक्क्यांची जोडी. ती सरासरी २२१ डावांत एकदा हाती येते, म्हणून तिला पदराआड जपा. रेझ, म्हणजे पैज वाढवणं, अजिबात करू नका. नुसता कॉल करा, मागच्यांनाही स्वस्तात आत घ्या, आणि बिग ब्लाइंडवर बसलेल्याला, ज्याने पत्ते बघण्याआधीच नियमाने पैसे लावलेले असतात, तर फुकटातच फ्लॉप दाखवा. गेल्या आठवड्यात आमच्या टेबलावरच्या एका सद्गृहस्थांनी हेच केलं. बिग ब्लाइंडवर मी होतो, हातात नहिला आणि सत्ती. एक रेझ आली असती तर मी पत्ते टाकून पाणी प्यायला उठलो असतो. आली नाही. फ्लॉप पडला: नहिला, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. माझ्या दोन जोड्या झाल्या. मी बेट केली, त्यांनी रेझ केली, मी पुन्हा रेझ केली. तेव्हा यांना एकदम आठवलं की आपल्याकडे एक्के आहेत, आणि गेले ऑल-इन! त्या क्षणी हे चारातला एक डाव जिंकणारे, मी तीन. टर्न, म्हणजे चौथा पत्ता, कोरा; रिव्हर, म्हणजे पाचवा आणि शेवटचा, तोही कोरा. म्हणजे रिव्हरला काही चमत्कार घडला असंही नाही हो! आणि तरी उठले ते "बॅड बीट, बॅड बीट" करतच. टेबलावर दोनदा सांगितलं, बाहेर पडताना एकदा, आणि रात्री ज्याच्याकडून हरले त्यालाच, म्हणजे मलाच, व्हॉइस मेसेज पाठवला. एक्के हरलेच कसे म्हणे! एका अनोळखी हाताविरुद्ध शेवटपर्यंत गेले तर एक्के ८५ टक्के वेळा जिंकतात, आणि नऊ हातांविरुद्ध ३१. गर्दी तुम्हीच जमवायची आणि चेंगराचेंगरी झाली की नशिबाला शिव्या द्यायच्या!

पुढच्या सूचना बऱ्याच होत्या. आता जाऊ द्या.

पैसे मध्ये गेले तेव्हा पुढे कोण होतं, एवढाच प्रश्न असतो रे बाबा. एक्के विरुद्ध राजे, सगळं फ्लॉपआधीच मध्ये, ८२ विरुद्ध १८, आणि राजा पडला: हा बॅड बीट. तुझा सेट मोठा, त्याचा लहान, टर्नला ऑल-इन, उरलेल्या ४४ पत्त्यांत त्याला वाचवणारा एकच, आणि रिव्हरला नेमका तोच: हा तर थोरला बॅड बीट. तेव्हा खुशाल रड, मी खांदा देतो. (माझाही असा एक आहे. सांगणार नाही. कोणी विचारलेलं नाही, एवढं मला कळतं.) पण त्या राजेवाल्यालाही पाच-सहा वेळांतून एकदा जिंकायचंच असतं. तो कधीच जिंकला नसता तर तुझ्याविरुद्ध पैसे लावायला बसला असता कशाला?

तुझं नशीब नाही फुटलं. तू हाव केलीस. रेझ करायच्या वेळी गप्प बसलास आणि पत्ते टाकायच्या वेळी सगळं लोटलंस. आणि तो व्हॉइस मेसेज आता तिसऱ्यांदा पाठवू नकोस. चार मिनिटांचा आहे, आणि त्यात तू फ्लॉपही चुकीचा सांगितला आहेस.