पाच उपकरणं म्हणून वीस-वीस? वायफायची वाटणी अशी होत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘वायफायचा स्पीड जोडलेल्या उपकरणांत समान वाटला जातो. १०० चा प्लॅन, पाच उपकरणं, म्हणजे प्रत्येकाला २०. एका कनेक्शनवर दोनपेक्षा जास्त कॉम्प्युटर दिसले की कंपनी गुपचूप स्पीड कमी करते. नेटवर्कचं नाव लपवा, मग पासवर्डची कटकट नको. राउटर घेताना अँटेना मोजून घ्या.’ खाली हात जोडलेले, आणि ‘सर्वांना पाठवा’.

आधी ते वीस-वीसचं गणित. पंगतीत पाच पानं मांडली म्हणून भाताचे पाच सारखे ढीग कोणी करत नाही. जो जेवतो त्याला वाढतात. राउटरचंही तसंच. खिशात पडलेला फोन जोडलेला असतो, पण जवळजवळ काही खात नाही. एचडी सिनेमाला साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, प्लॅनचे १०० हे त्याच मापातले) लागतात, व्हिडिओ कॉलला २ ते ४. दोघं सिनेमा बघतायत आणि दोघं मीटिंगमध्ये आहेत, तरी १०० पैकी २० सुद्धा भरत नाहीत. उरलेले ८० पाचव्याला हवे असतील तर तो सगळे घेऊ शकतो.

लाइन तुंबते ती डोकी वाढली म्हणून नाही, एखादाच खादाड निघाला म्हणून. भाच्याने लॅपटॉपवर ८० जीबीचा गेम उतरवायला लावला, तर १०० च्या लाइनवर तो पावणेदोन तास सगळी वाट अडवून बसतो. किंवा कोणाचा फोन सहलीचे फोटो वर चढवत असतो. अपलोड गच्च भरलं की डाउनलोडही रखडतं, कारण ‘पोचलं, पुढचं पाठव’ ही पावतीसुद्धा त्याच रांगेत अडकते. अशा वेळी घरातल्या पाचही जणांचं वायफाय बंद करण्यापेक्षा तो एक बॅकअप रात्रीवर ढकला.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, पण ते भलत्याच जागी आहे. वाटली जाते ती हवा. एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात आतल्या खोलीतला, दोन भिंतींपलीकडचा जुना लॅपटॉप कमी सिग्नलमुळे सावकाश बोलतो. जे राउटरशेजारचा फोन क्षणात सांगून मोकळा होतो, तेच सांगायला तो कितीतरी पट वेळ घेतो, आणि तेवढा वेळ सगळं घर ताटकळतं. म्हणून टेबलावरून न हलणारा कॉम्प्युटर आणि टीव्ही वायरने जोडावा. राउटरला मागे सहसा वायरसाठी चार पोर्ट असतात, बहुतेक घरांत त्यांतले तीन धूळ खात असतात.

पण कधीकधी दोष हवेचाही नसतो. तळमजल्यावरच्या काकूंचा प्लॅन २०० चा, आणि स्पीड टेस्टमध्ये येतात ९४. ‘अरे, मेसेज वाचून नातवाचा टॅबसुद्धा तोडला, तरी ९४ च!’ आकडा ऐकूनच संशय आला. फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत येणारी केबल कपाटाच्या दारात चेमटली होती. तिच्यात आठ तारा असतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात, १०० ला चार पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी तुटली की दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर उतरतात, आणि वरखर्च जाऊन हातात पडतात ते ९४-९५. राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्या पोर्टसमोर १००० च्या जागी १०० लिहिलेलं होतंच. केबल बदलली, टेस्ट १९० च्या वर गेली. टॅब परत जोडला.

आता कंपनीचा कावा. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला, बहुतेकदा १९२.१६८ ने सुरू होणारा, खासगी पत्ता देतो आणि बाहेर सगळ्यांच्या वतीने एकाच पत्त्यावरून बोलतो. कंपनीनेच दिलेला राउटर असेल तर आत किती उपकरणं आहेत हे तिला दिसू शकतं, हे खरं. पण घरगुती प्लॅनची मोजणी होते डेटाची. अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, ती ओलांडली की स्पीड खाली येतो. दोन टीव्ही महिनाभर अहोरात्र एचडी चालवले तरी ती जेमतेम संपेल.

मग ‘दोन कॉम्प्युटर’ची भीती आली कुठून? भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ३२ केबी. पाच एमबीचं एक गाणं उतरायला अडीच मिनिटांहून जास्त, तेही घरात दुसरं कोणी काही करत नसेल तर. त्यात केबलवाले कनेक्शन एकाच कॉम्प्युटरच्या ओळखक्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधून ठेवायचे. राउटर लावला की नेट बंद. मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मॅक क्लोन’ करायचं, म्हणजे राउटरने त्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायचं. आम्ही ते चोरी केल्यासारखं, दबकत करायचो! तेव्हा हा मेसेज फिरला असता तर मी वाद घातला नसता. किमान वेगाची व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस; मेसेज मात्र तिथेच अडकलाय. शेजाऱ्याकडून पैसे घेऊन त्याला लाइन देणं ही वेगळी गोष्ट, तिथे कंपनीच्या अटी आड येतात.

नाव लपवण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण बाकीच्यांनी फक्त वेळ जातो, याने घर उघडं पडतं. नाव लपवलं तरी नेटवर्क लपत नाही. उलट ते नाव लक्षात ठेवलेला फोन बाजारात, स्टेशनवर, जाईल तिथे ‘अमुक आहे का?’ असं पुकारत फिरू शकतो. ऐकणाऱ्याला साधा लॅपटॉप पुरतो. आणि पासवर्ड नसण्याची किंमत आपल्याकडे माहीत असायला हवी. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईतल्या एका अमेरिकन भाडेकरूच्या फ्लॅटवर. कोणीतरी त्याचं असुरक्षित वायफाय वापरलं होतं. तेव्हा नाव दिसू द्या, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, लांब पासवर्ड द्या आणि राउटरचा स्वतःचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्डही बदला.

अँटेना मोजण्याबद्दल थोडक्यात. जास्त अँटेना एकाच वेळी जास्त डेटा पाठवायला मदत करतात. चार म्हणजे चौपट रेंज नव्हे. किती ताकदीने बोलायचं याला कायद्याची मर्यादा आहे. राउटर फ्रिजमागून काढून घराच्या मध्यावर, उंच ठेवा. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला चॅनेल निवडा. जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झवर घ्या. नावापुढे ‘५जी’ दिसतं ते हेच, मोबाइलच्या ५जीशी त्याचं नातं नाही.

काकूंचा राउटर आता कपाटावर, मोकळ्या जागी आहे. त्याच्यावरचा क्रोशाचा रुमाल काढायला मात्र त्या तयार नाहीत. सुती रुमालाने लहरी अडत नाहीत, म्हणून मीही हटून बसलो नाही. फक्त खालची हवेची भोकं झाकली जात होती, तेवढा तो वर दुमडून ठेवला.