रोझा पार्क्सचा तो फोटो आणि त्याखालचा खोटा मजकूर

महिला दिन जवळ आला की हा फॉरवर्ड येतोच. रोझा पार्क्स म्हणजे अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून 1 डिसेंबर 1955 ला अटक झालेल्या कृष्णवर्णीय बाई. बसच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या रोझा पार्क्स, मागच्या सीटवर गंभीर चेहऱ्याचा गोरा माणूस आणि खाली मजकूर: ‘1 डिसेंबर 1955. शिलाई करून दमलेल्या एका साध्या बाईने जागा सोडली नाही. मागचा प्रवासी संतापलाय. त्या एका क्षणाने अमेरिका बदलली.’

तारखेपासूनच घोळ आहे. फोटो 21 डिसेंबर 1956 चा. त्यांच्या अटकेनंतर माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी पुकारलेला 381 दिवसांचा बस-बहिष्कार यशस्वी झाल्यावर पत्रकारांनी गळ घातली म्हणून रोझाबाई बसमध्ये बसल्या. आणि तो ‘संतापलेला प्रवासी’ निकोलस क्रिस, बातमीसाठी आलेला वृत्तसंस्थेचा वार्ताहर! रोझाबाईंच्या बोटांचे ठसे घेतानाचा फोटोही असाच फिरतो. तो फेब्रुवारी 1956 मधल्या दुसऱ्या अटकेचा.

तारीख चुकली तर बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. मला जास्त खटकते ती ‘दमलेली साधी बाई’. शिलाईकाम त्या करायच्या, खरंय. पण शरीर दमलं नव्हतं, सतत नमतं घेण्याचा कंटाळा आला होता, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेचं चिटणीसपद त्यांनी 1943 मध्येच घेतलं होतं. अटकेच्या काही महिने आधी, 1955 च्या उन्हाळ्यात, त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या शाळेत शिबिराला गेल्या. तिथे शिकवायला होत्या सेप्टिमा क्लार्क.

फॉरवर्डमध्ये या बाईंचं नावच नाही. साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनच्या या शिक्षिकेची नोकरी 1956 मध्ये गेली, कारण एनएएसीपीचं सदस्यत्व सोडायला त्यांनी नकार दिला. पुढच्याच वर्षी चार्ल्सटनजवळच्या जॉन्स बेटावर त्यांच्या पुढाकाराने प्रौढांचा वर्ग सुरू झाला. दर्शनी भागात सहकारी दुकान, मागच्या खोलीत शाळा. गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून. पहिल्या वर्गात 14 जण. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, व्यवसायाने केशरचनाकार, शिकवण्याचा अनुभव शून्य. सही करणं, मनीऑर्डर भरणं, मतदार नोंदणीसाठी तेव्हा वाचून दाखवावा लागणारा राज्यघटनेतला उतारा वाचणं, हाच अभ्यासक्रम. असे वर्ग मग अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ठिकठिकाणी निघाले.

‘एका क्षणाने’ हेही तसंच. अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या मशीनवर बहिष्काराची हजारो पत्रकं काढली. त्यांच्या महिला राजकीय परिषदेची, म्हणजे माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेची, बहिष्काराची तयारी आधीपासूनच होती.

आता कुणी म्हणेल, या शिक्षिकांचे फोटोच कुठे आहेत? आहेत की. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या 75 व्यक्तिचित्रांचा ब्रायन लँकरचा संग्रह 1989 मध्ये आला, त्याच्या मुखपृष्ठावर सेप्टिमाबाईच आहेत. तो पाहायला त्या हयात नव्हत्या. 1987 मध्ये गेल्या. बसचा फोटो पाठवायचाच असेल तर खाली खरी तारीख टाका आणि सोबत हे मुखपृष्ठही जोडा.