उत्परिवर्तन, निवड आणि गुलाबी बोंडअळी : एका दाव्याचा प्रतिवाद

उत्क्रांतीविरुद्धचा एक युक्तिवाद गेली काही वर्षे थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो. त्याचा गाभा असा : उत्परिवर्तन म्हणजे जनुकातील चूक, आणि चुकीने बिघाडच होतो, नैसर्गिक निवड असलेल्यातले नको ते काढून टाकते, नवे काही देत नाही, त्यामुळे जनुकांमध्ये नवी माहिती कधीच येत नाही, एखादे साधे प्रथिनसुद्धा योगायोगाने जुळून येण्याची शक्यता एकावर १३० शून्ये इतक्यांत एक आहे, आणि एका जातीपासून दुसरी जात झालेली कोणी पाहिलेली नाही. यातला शेवटचा मुद्दा महाराष्ट्राला परिचित आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठेही लिहिले वा सांगितलेले नाही, असे विधान केले होते आणि देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी त्याला संयुक्त निवेदनाने उत्तर दिले होते. आधीचे चार मुद्दे मात्र अधिक चतुराईने रचलेले आहेत. उत्परिवर्तन एकट्याने काय करू शकत नाही आणि निवड एकटीने काय करू शकत नाही, हे ते वेगवेगळे दाखवतात, आणि दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या एकत्र काम करतात तेव्हा काय होते, हा प्रश्नच वगळतात.

पहिला मुद्दा, उत्परिवर्तन नेहमी घातक असते हा. प्रत्येक नवजात बालकाच्या जनुकसंचात आईवडिलांपैकी कोणाकडेही नसलेले साधारण ६० ते ७० बदल असतात. आईकडून सुमारे ३०० कोटी आणि वडिलांकडून तितकीच अक्षरे येतात, त्यांतले हे बदल. आणि त्यांपैकी बहुतेकांचा कोणताही परिणाम जाणवत नाही. ज्यांचा जाणवतो, त्यांच्यापैकी घातक अधिक आणि उपकारक थोडे, हे खरे आहे आणि ते कोणी नाकारत नाही. परंतु ‘घातक’ हा शब्द परिस्थितीवाचून अर्धाच राहतो. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकल सेलचा आजार हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन (दोन्ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी) आल्याने होतो. आईवडील दोघांकडून हे जनुक मिळाले तर आयुष्यभराचे दुखणे मागे लागते. एकाकडूनच मिळाले तर तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवताप मुलांचे बळी घेत होता तेथे हे जनुक टिकून राहिले, ते यामुळे. ज्याच्या घरात हे दुखणे आहे त्याला या स्पष्टीकरणाने दिलासा मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. येथे प्रश्न एवढाच आहे की एकच बदल एका परिस्थितीत तोटा आणि दुसरीत लाभ असू शकतो की नाही.

दुसरा मुद्दा, निवड नवे काही देत नाही हा, विदर्भातल्या कोणत्याही कापूस उत्पादकाला ऐकवून पाहावा. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या पेशींत तयार होणारे विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि अळी मरते. सुरुवातीची काही वर्षे गुलाबी बोंडअळीची चिंता मिटल्यासारखी वाटली. मग गुजरातेत प्रतिकारक्षम अळ्या सापडल्या, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडे फोडली की आत अळी, अशी स्थिती झाली. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांची तपासणी केल्यावर त्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात निरनिराळे बदल आढळले. एकाच समस्येवर वेगवेगळ्या अळ्यांमध्ये वेगवेगळी उत्परिवर्तने निवडली गेली होती.

आता निवडीने येथे ‘काही दिले नाही’ असे म्हणायचे का? एका अळीत झालेला दुर्मीळ बदल लाखो हेक्टरांवरचा सामान्य गुणधर्म झाला, तो निवडीने. निवड एखाद्या बदलाची वारंवारता, म्हणजे तो किती जिवांत आढळतो ते, बदलते, आणि वारंवारता वाढली की पुढचा बदल त्याच बदलावर पडण्याची संधीही वाढते. तिची सर्जकता एवढीच आहे, पण ती थोडी नाही. हे केवळ घटना घडून गेल्यावर दिलेले स्पष्टीकरणही नाही. हा प्रतिकार अप्रभावी जनुकाचा, म्हणजे ते आईवडील दोघांकडून मिळाले तरच दिसणारा, असल्याने शेजारी बिगर-बीटी कपाशी लावली, तर तेथे वाढलेले संवेदनशील पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतील आणि त्यांची संतती बीटीवर मरेल, हे गणित आधीच मांडलेले होते. अमेरिकेतील ॲरिझोनात ते पाळले गेले, नंतर त्याला वंध्य पतंग सोडण्याची जोड मिळाली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे बियाण्यासोबत येणारे बिगर-बीटीचे वेगळे पाकीट बहुतेक बांधावर रिकामे झालेच नाही, वर फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेले पीक) घेतल्याने अळीला वाढीव हंगाम मिळाला. एकाच सिद्धान्ताने दोन देशांतले दोन वेगळे निकाल सांगितले आणि दोन्ही तसेच लागले.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर ठरलेले आहे : कॅडहेरिन बिघडले, म्हणजे पुन्हा नुकसानच झाले. या उदाहरणापुरते हे मी मान्य करतो. म्हणून तिसऱ्या मुद्द्याला, म्हणजे नव्या माहितीच्या मुद्द्याला, वेगळी उदाहरणे द्यायला हवीत, आणि ती आहेत.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूच्या १२ वसाहती वेगवेगळ्या चंबूंत वाढवायला सुरुवात केली आणि दर ५०० पिढ्यांनंतरचे नमुने गोठवून ठेवले. चंबूंतल्या त्या द्रवात सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) असते, पण ऑक्सिजन असताना हा जिवाणू ते खाऊ शकत नाही. जिवाणूंची ओळख पटवताना प्रयोगशाळेत हाच गुण वापरतात. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर बारांपैकी एका वसाहतीत तो सायट्रेट खाऊ लागला. सायट्रेट पेशीत आणणारे जनुक त्याच्याकडे होतेच, पण ते ऑक्सिजनमध्ये बंद राहत असे. त्या भागाची एक जादा प्रत तयार झाली आणि ती अशा नियंत्रक तुकड्यापुढे पडली, जो ऑक्सिजन असतानाही चालू असतो. ‘जुनेच जनुक पुन्हा चालू झाले, नवे काय?’ असा आक्षेप घेतला जातो, परंतु जुन्याची प्रत काढून तिला नव्या ठिकाणी नवे काम देणे ही उत्क्रांतीची नेहमीचीच रीत आहे. यातला सर्वांत बोलका भाग तर वेगळाच आहे. गोठवलेल्या नमुन्यांपासून प्रयोग पुन्हा चालवला, तेव्हा हा गुण आरंभीच्या जिवाणूंमध्ये उगवला नाही, सुमारे २०,००० पिढ्यांनंतरच्यांमध्ये उगवला. म्हणजे आधीच्या बदलांनी त्याची पूर्वतयारी केलेली होती.

दुसरे उदाहरण वाचकाच्या डोळ्यांतच आहे. गाय, कुत्रा आणि बहुतेक सस्तन प्राणी दोन प्रकारच्या रंगपेशींवर भागवतात (लाल कापड पाहून बैल उधळतो, हा समज त्यामुळेच खोटा). आपल्या पूर्वजांत एक्स गुणसूत्रावरील एका रंगजनुकाची दुसरी प्रत तयार झाली, आणि दोन्ही प्रती हळूहळू वेगळ्या झाल्या. आज लाल आणि हिरव्या संवेदकांच्या ३६४ अमिनो आम्लांत जेमतेम १५ जागी फरक आहे, आणि त्यांतल्या तीन जागाच रंगातला मुख्य फरक घडवतात. ही दोन जनुके आजही शेजारी शेजारी असल्याने त्यांची अदलाबदल चुकते आणि काही पुरुषांना लाल-हिरव्याचा भेद कळत नाही. प्रत काढणे आणि प्रत बदलणे या दोन्ही क्रिया उत्परिवर्तनाच्याच आहेत. दोन रंगांच्या जागी तीन दिसू लागले, ही नवी माहिती नसेल, तर ‘माहिती’ शब्दाची व्याख्या आधी प्रतिपक्षाने द्यावी.

शक्यतेच्या गणिताला फार वेळ देण्याचे कारण नाही. १०० अमिनो आम्लांची एक विशिष्ट माळ एका फटक्यात जुळण्याची शक्यता २० चा शंभरावा घात इतक्यांत एक, हा हिशेब बरोबर आहे. पण कोणताही जीवशास्त्रज्ञ तसा दावा करत नाही. काम करू शकणारी माळ एकच असते, हे गृहीतकही तपासून पाहिले गेले आहे. २००१ मध्ये कीफ आणि शोस्टॅक यांनी ८० अमिनो आम्लांच्या सुमारे ६ लाख कोटी यादृच्छिक माळा तयार केल्या, आणि त्यांतून पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूला पकडणाऱ्या प्रथिनांची चार वेगवेगळी कुळे मिळाली. त्यांचा अंदाज साधारण १० हजार कोटींत एक असा होता. ही संख्या मोठी आहे, पण चमचाभर मातीतही अब्जावधी जिवाणू असतात.

या दाव्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती सांगितली पाहिजे : केवळ उत्परिवर्तन आणि निवड यांनी सारे समजत नाही. जपानी जनुकशास्त्रज्ञ मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये असे मांडले की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल निवडीने नव्हे, तर निव्वळ योगायोगाच्या जनुकीय विचलनाने स्थिरावतात. आपल्या पेशींतील ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) एके काळचे स्वतंत्र जिवाणू होते. जीवशास्त्रज्ञांचे आपसांतले वाद या घटकांच्या प्रमाणाविषयी आहेत. त्या वादांतली अर्धी वाक्ये उचलून ‘शास्त्रज्ञांनीच डार्विनला सोडले’ असे लिहिणे प्रामाणिक नाही.

संकरातून नव्या जातीही होतात, आणि ‘कोणी पाहिले’ या पाचव्या मुद्द्याचे उत्तर तेथे मिळते. देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात आणि अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२, कारण दहा लाख वर्षांहून अधिक काळापूर्वी दोन वेगळ्या कपाशींचा संकर होऊन दोन्हींचे गुणसूत्रसंच एकत्र राहिले. ते पाहायला कोणी नव्हते, हे मान्य. पण ट्रॅगोपोगॉन या वनस्पतीच्या युरोपातल्या जाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या वायव्य भागात पोहोचल्या, तेथे त्यांचे संकर झाले, गुणसूत्रे दुप्पट झाली, आणि १९५० मध्ये ओनबी यांनी तेथल्या दोन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या युरोपात सापडत नाहीत, आपापसांत सुपीक बी धरतात आणि वॉशिंग्टन व आयडाहो राज्यांत आजही रस्त्याच्या कडेला उगवतात.