अडुसष्ट हजार किलोमीटर आणि एक वीट

गेल्या रविवारी नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका गल्लीत माझ्या तंगड्यांची जाहीर मोजणी झाली. मापाला वीट होती. मी गेलो होतो गाडी बघायला. सेकंडहँड टूरिंग बाईक, चारशे सीसीच्या आसपासची, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, मीटरवर ६८,००० किलोमीटर. विकणारा पोरगा पुण्याला नोकरीत, सुट्टीवर आलेला आणि जन्मजात मितभाषी. त्याच्या वाटचं बोलायचा ठेका समोरच्या घरातल्या काकांनी घेतला होता.

काकांच्या तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा. त्यामुळे ते आभाळाकडे बघून बोलायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, वरूनच काहीतरी येतंय.

"या या! तुमच्यासाठी गाडी गरम करून ठेवली!"

पाहुण्याला चहा ठेवावा तशी. जुनी गाडी बघायला जाताना फोनवर पहिली अट हीच घालायची असते की इंजिन थंड हवं, आणि पोचल्यावर आधी इंजिनच्या खोक्याजवळ हात नेऊन खात्री करायची. जे काय सांगायचं ते इंजिन थंड असतानाच सांगतं. स्टार्टर किती रेंगाळतो, पहिल्या दोन सेकंदांत टायमिंग चेन खडखडते का, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो का. सुरू करताच निळा फुगा येऊन विरला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. थ्रॉटल पिळला की निघत राहिला तर रिंग-पिस्टनचं काम, आणि ते खर्चाचं. गरम इंजिन यातलं बरंचसं पोटात ठेवतं. म्हणजे आता थांबणं आलं. एप्रिलच्या नागपुरात इंजिन थंड व्हायची वाट बघायची म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तेवढ्या वेळात काकांनी गल्ली गोळा केली.

"अडुसट हजार! इंजिन बसलं समजा," काकांचा पहिला निकाल. लगेच विकणाऱ्याचा पडलेला चेहरा दिसला आणि निकाल फिरला. "पण पोट्ट्यानं लय जपून चालवली. माह्यी १९८६ ची लुना हाय. आजबी एका पायडलात चालू!"

आता किलोमीटरचं. हायवेवर टॉप गिअरमध्ये एका लयीत धावलेले साठ हजार आणि बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत क्लच दाबून काढलेले पंचवीस हजार यांत मी डोळे मिटून साठ हजारवाली घेईन. हायवेवर इंजिन पूर्ण तापतं, क्लच-गिअर कमी घासतात, थंड स्टार्टही कमी होतात. त्याहून वाईट ती 'फक्त ९,००० चाललेली', तीन वर्षं पार्किंगमध्ये उभी. तिचे सील सुकतात, टाकीत गंज धरतो, पेट्रोलचा चिकटा इंजेक्टरमध्ये बसतो. आकडा खरा आहे का, हे बघायला मीटरकडे बघूच नये. डिजिटल मीटर मागे फिरवणारे हात कमी नाहीत. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडलची घासलेली कड, ग्रिपची गुळगुळीत जागा, सर्व्हिसच्या पावत्या, हे सगळं एकमेकांशी जुळतंय का ते बघावं. या गाडीचं जुळत होतं.

मी चेनपाशी बसलो. मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे चाकाच्या दातेरी चकतीवरची चेन चिमटीत धरून मागे ओढली, तर दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला. दातही एका बाजूला वाकलेले. म्हणजे चेन-स्प्रॉकेट सेट पूर्ण बदलायचा. नुसती चेन टाकली तर जुने दात नवीन चेन खातात.

"चेन तं ढिली करावी लागते," काका आभाळाला म्हणाले. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या.

टायरवरचा चार आकडी कोड वाचला: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढचं टायर २३१८, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर टणक आणि बाजूला बारीक चिरा. असं टायर पहिल्या पावसात दगा देतं. काकांनी त्याला लाथ मारली. "दगड हाय दगड!" हे मी टायरच्या विरोधात म्हणत होतो आणि ते बाजूने.

मग फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप. चकचकीत नळीवरून बोट फिरवलं, उजवीकडे तेलाचा ओघळ. सील गेलंय. तेल खाली डिस्कवर उतरलं की ब्रेक पॅडही जातात. कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, बघायला मधल्या स्टँडची सोय नव्हती, म्हणून कुणीतरी गाडी साइड स्टँडवर कलती करून पुढचं चाक उचलून धरायला हवं होतं. पंधरा जण उभे होते. एकही हात पुढे आला नाही. तपासणी शेवटी चालवताना केली. आपले सिमेंट रोड त्याला फार सोयीचे, दर सांध्यावर हँडलमध्ये 'टक' येते का ते बघत जायचं. आली नाही.

चालवण्याआधी मात्र बसावं लागतं. सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर, गाडी १८० किलोच्या वर, आणि मी, म्हणजे, माझी उंची बेताची आहे. टाचा उचललेल्या राहिल्या.

"पाय तं टेकूनच नाई राह्यले भाऊ तुमचे!"

गल्लीभर हशा. "सिग्नलवर काय कराल मंग? थांबा!" काका आत गेले आणि खरोखर वीट घेऊन आले. माझ्या डाव्या पायाखाली सरकवली. "आता पाहा, कसे राजासारखे दिसता! एक डिक्कीत ठेवा." एका पोट्ट्याने फोटोही काढला.

यावर माझ्याकडे उत्तर होतं, ऐकायला कुणी नव्हतं. थांबताना दोन्ही टाचा टेकायची गरजच नसते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा एकटा जमिनीवर, आणि बूड सीटवर इंचभर डावीकडे सरकवलं की तो पूर्ण टेकतो. खरी अडचण वेगळी आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, त्यामुळे टेकायच्या पायालाच जमीन चार बोटं खोल लागते. पहिल्यांदाच हायवेची गाडी घेणाऱ्याने हे आधी मोकळ्या मैदानात करून बघावं. सीटचा फोम कापून पाऊण-एक इंच मिळतो. मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली बसवण्याच्या नादी मात्र लागू नये. मागची बाजू बसली आणि पुढची तशीच राहिली की हँडल जड होतं आणि साइड स्टँड लांब पडून गाडी उभीच राहत नाही.

असो. फेरी मारून आलो आणि गाडी जागेवर सुरू ठेवली. रेडिएटरचा पंखा लागला, थोड्या वेळाने बंद झाला. दोन्ही होणं महत्त्वाचं. बॅटरीला मल्टिमीटर लावला तर तीन हजार आरपीएमला १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग सांभाळणारा रेक्टिफायर ठीक. मनातल्या मनात हिशोब: चेनसेट, दोन टायर, फोर्क सील. सोळा-सतरा हजार. तेवढे कमी करून मागायचे म्हणून मी तोंड पाडलं, सुस्कारा सोडला, मान हलवली. घासाघीस अशीच सुरू करतात.

"काय नाटक करून राह्यले भाऊ!" काका गरजले. "गाडी पसंत हाय यायले! डोये पाहा ना!"

आणि तो मितभाषी पोरगा दिवसात पहिल्यांदा बोलला. "फिक्स आहे."

हजारभर कमी झाले. त्या काकांचं माझ्याकडे पंधरा हजार देणं निघतं, हे मी अजूनही धरून आहे.

कागदांचं लवकर सांगतो. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर बसून घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून चलान बघा, पुण्यातले निघतातच. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करा, नाहीतर थर्ड पार्टी सोडून बाकी भरपाईचं भांडण होतं. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. चेसिस नंबर आरसीशी स्वतः पडताळा, डोक्यावर काका उभे असले तरी.

निघताना त्यांनी विचारलं, "आता मुंबईले समृद्धीनं जाल?"

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, असं मी म्हणालो. नागपुरातून निघणारा ७०१ किलोमीटरचा रस्ता, आणि टूरिंग बाईकवाल्यानं त्याच्या तोंडाशी उभं राहून फक्त कार मोजायच्या. यामागे सुरक्षेचं कारण असेलही. पण मग अमरावती रोडवर ट्रकच्या मधून जाणं जास्त सुरक्षित कसं, ते एकदा कुणी सांगावं.

"मंग घेऊन काय करता?" काका म्हणाले.

फोर्क सील कालच बदलले. एकाच बाजूचं गळत असलं तरी दोन्ही बदलायची असतात, आणि ऑइल दोन्ही नळ्यांत मिलिलिटरवर मोजून सारखं भरायचं. मेकॅनिक म्हणाला, अंदाजानं टाकतो. मी पिशवीतून मोजायचा जार काढला. गॅरेजात सगळे हसले. हसू देत. १८० किलो ते सांभाळणार नाहीत.